मॅक्बेथ कोणाचा? न्यूयॉर्क, मे 1849

सोमवार, 7 मे 1849. त्या रात्री न्यूयॉर्क शहरात ‘मॅक्बेथ’ तीन ठिकाणी लागला होता. अ‍ॅस्टर प्लेस ऑपेरा हाउसमध्ये विल्यम चार्ल्स मॅक्रेडी हा इंग्लंडचा नामांकित नट मॅक्बेथ रंगवत होता. ब्रॉडवे थिएटरात तीच भूमिका एडविन फॉरेस्ट करत होता. अमेरिकेत जन्मलेल्या नटांत त्याच्याइतका लोकांचा लाडका दुसरा कोणी नव्हता. आणि बाउरी या कामकरी वस्तीतल्या थिएटरात टॉमस हॅम्ब्लिन मॅक्बेथ करत होता. तिन्ही घरांना प्रेक्षक होते.

तीन दिवसांनी, गुरुवारी रात्री, ऑपेरा हाउसच्या बाहेर जमलेल्या हजारो लोकांवर राज्याच्या पलटणीने गोळ्या झाडल्या. किमान 22 माणसं मेली. काही मोजदादींत हा आकडा 31 पर्यंत जातो. जखमी शंभराहून जास्त. आत त्या वेळी ‘मॅक्बेथ’चाच प्रयोग चालू होता.

वर्ग आणि अभिरुची हा विषय निघाला की आपण बहुधा असं धरून चालतो की श्रीमंतांना एक आवडतं आणि गरिबांना दुसरं: इकडे मैफल, तिकडे जत्रा. न्यूयॉर्कच्या या प्रकरणात मात्र दोन्ही बाजूंना एकच नाटककार हवा होता, एकच नाटक हवं होतं, त्यातली वाक्यंसुद्धा दोघांना पाठ होती. म्हणूनच मला हे प्रकरण फार महत्त्वाचं वाटतं. आवड एकच असताना तिची वरची आणि खालची अशी वाटणी कशी झाली, ती कोणत्या साधनांनी झाली, हे इथे तारीखवार पाहता येतं.

सगळ्यांचं थिएटर

त्या काळातलं अमेरिकन थिएटर डोळ्यांसमोर आणायला हवं. एका छपराखाली सगळं शहर बसायचं, पण आपापल्या जागी. बाजूच्या बॉक्समध्ये पैसेवाली कुटुंबं. खाली रंगमंचासमोर पिट, तिथे बाकांवर कारागीर, दुकानातले कारकून, छापखान्यातले जुळारी. सगळ्यांत वर गॅलरी, तिथे सगळ्यांत गरीब लोक, आणि कृष्णवर्णीयांना बसू दिलं तर तेही तिथेच, वेगळ्या कोपऱ्यात. एका तिकिटात रात्रभराचा ऐवज मिळे: शेक्सपिअरचं नाटक, मध्ये गाणी नि नाच, शेवटी एखादा फार्स. ‘हॅम्लेट’ आणि विनोदी नाच एकाच पत्रकावर छापले जात आणि त्यात कोणाला विसंगत काही वाटत नसे.

शेक्सपिअर त्या लोकांच्या ओठांवर होता. मिसिसिपी नदीकाठच्या गावांत आणि पुढे कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींवर फिरत्या मंडळ्या त्याची नाटकं करत. त्याची विडंबनं तर इतकी होत की त्यावरूनच लोकांना मूळ किती ठाऊक होतं ते कळतं. माहीत नसलेल्या गोष्टीच्या विडंबनाला कोणी हसत नाही.

आणि प्रेक्षक गप्प बसत नसत. आवडलं तर तेच भाषण पुन्हा म्हणायला लावत, नाही आवडलं तर फूत्कार टाकत, वादकांना हवी ती चाल वाजवायला भाग पाडत. संगीत नाटकातल्या ‘वन्स मोअर’वर वाढलेल्या मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. पिटातला प्रेक्षक तिकिटाबरोबर निवाडा द्यायचा हक्कही विकत घेतो, असं तेव्हा सर्रास मानलं जाई. लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनचं थिएटर 1808 साली जळाल्यावर 1809 मध्ये नवं उघडलं, खर्च भरून काढायला दर वाढवले आणि श्रीमंतांसाठी खासगी बॉक्स वाढवले. पहिल्याच रात्री प्रेक्षकांनी दंगा सुरू केला आणि तो 67 रात्री चालला. शेवटी व्यवस्थापनाने माफी मागून पिटाचा जुना दर परत आणला. त्या पहिल्या रात्रीचं नाटकही ‘मॅक्बेथ’च होतं. चाळीस वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये काय बदललं होतं, हे मोजायला ही घटना उपयोगी पडते. लंडनच्या पिटाने जिंकलं. न्यूयॉर्कच्या पिटावर गोळ्या चालल्या.

हातमोज्यांचा नियम

न्यूयॉर्कची लोकसंख्या 1840 मध्ये 3,12,710 होती, 1850 मध्ये 5,15,547. दहा वर्षांत दोन लाख नवी माणसं, त्यांतली पुष्कळशी आयर्लंडच्या दुष्काळातून पळालेली. गोदीत, कत्तलखान्यात, बांधकामावर ती कमी मजुरीवर उभी राहत आणि आधीच्या कामकऱ्यांच्या डोळ्यांत सलत. दुसऱ्या टोकाला जॉन जेकब अ‍ॅस्टर. कातडी, चीनचा व्यापार आणि मुख्यतः न्यूयॉर्कमधली जमीन यांवर तो देशातला सर्वांत धनाढ्य माणूस झाला आणि मार्च 1848 मध्ये मेला. त्याच्याच नावाच्या चौकात, नोव्हेंबर 1847 मध्ये, श्रीमंतांनी आगाऊ वर्गणी भरून एक ऑपेरा हाउस उघडलं होतं.

चौकाची जागा बघण्यासारखी आहे. एका बाजूला ब्रॉडवे, शहरातला प्रतिष्ठित रस्ता. दुसऱ्या बाजूला थोड्याच पावलांवर बाउरी. दोन न्यूयॉर्क जिथे एकमेकांना भिडत तिथेच हे घर उभं राहिलं.

त्याची रचना पाहिली की हेतू लपत नाही. पिटातले बाक गेले, तिथे गादीच्या खुर्च्या आल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच हंगामभरासाठी वर्गणीदारांच्या नावावर. साध्या प्रेक्षकाला उरली वरची गॅलरी: अरुंद जिना, बाक, आणि मधल्या झुंबरामुळे रंगमंचही धड दिसत नसे. शिवाय पोशाखाचा नियम. पुरुषाने दाढी केलेली असावी, संध्याकाळचा कोट असावा, आणि हातात करडाच्या कातड्याचे पांढरे मोजे असावेत.

माझ्या मते सगळं प्रकरण या मोज्यांत आहे. तिकीट महाग असतं तर कामकरी माणूस कधीमधी चार पैसे साठवून आलाच असता; तो आवडत्या नटासाठी खर्च करायचाच. पांढऱ्या मोज्यांचं तसं नव्हतं. ते एका रात्रीत मळतात, आणि दिवसभर हातोडा धरलेल्या पंजावर ते घालून बसायचं म्हणजे आपल्या हाताची लाज वाटल्याचं कबूल करणं. कामकऱ्यांना हे लगेच कळलं. ‘पांढरे मोजे’ हा त्यांच्या तोंडी त्या वर्गासाठी हेटाळणीचा शब्द झाला.

खाटीकखान्यातले, गोदीतले, आगीच्या बंबावर स्वयंसेवक म्हणून पळणारे बाउरीचे तरुणही पोशाखाला कमी जपत नसत. कानशिलांवर साबण लावून चापलेले केस, उंच टोपी, भडक सदरा, वर वळवलेली विजार, तोंडात सिगार. 1848 मध्ये त्यांच्यातलाच एक बंबवाला ‘मोझ’ नावाने रंगमंचावर नायक झाला आणि फ्रँक शॅनफ्रॉ या नटाने तो गाजवला. ऑपेरा हाउसच्या नियमाने या सगळ्या ऐटीची किंमत शून्य ठरवली.

दोन नट

मॅक्रेडीचा जन्म 1793 चा, नाटकमंडळी चालवणाऱ्या घरातला. बापाने त्याला रग्बीच्या प्रतिष्ठित शाळेत घातलं, वकील करायचं ठरवलं. पण बापाचा धंदा बुडाला आणि मुलाला रंगमंचावर उभं राहावं लागलं. आपण सभ्य गृहस्थ म्हणून ओळखले जात नाही, नट म्हणून ओळखले जातो, ही टोचणी त्याच्या रोजनिशीत पानोपानी आहे. त्याने शेक्सपिअरची मोडतोड केलेली रूपं टाकून मूळ संहितेकडे जायचा आग्रह धरला. ‘किंग लिअर’मधला विदूषक दीडशे वर्षं रंगमंचावरून गायब होता, तो त्याने 1838 मध्ये परत आणला. त्याचा अभिनय आतून बाहेर येणारा: थांबे, विचार, बारीक हालचाल.

फॉरेस्ट 1806 चा, फिलाडेल्फियाचा, साध्या घरातला. पिळदार पोटऱ्या, छाती, आणि शेवटच्या बाकापर्यंत घुमणारा आवाज. अमेरिकन लेखकांनी अमेरिकन नायक लिहावेत म्हणून त्याने बक्षिसं लावली. त्यांतून त्याला मूळनिवासी सरदाराची आणि रोमच्या विरुद्ध उठलेल्या गुलामाची भूमिका मिळाली, आणि पिटाने त्या डोक्यावर घेतल्या. तो डेमोक्रॅट पक्षाच्या व्यासपीठावरही बोलायचा.

दोघांतला श्रीमंत कोण, असं विचारलं तर उत्तर फॉरेस्ट असंच येतं. त्या काळात तो हडसन नदीकाठी स्वतःसाठी दगडी गढी बांधत होता. पैशाच्या चिंतेत मॅक्रेडी असायचा. म्हणजे कलावंत कोणत्या वर्गाचा, याचा त्याच्या पैशाशी फारसा संबंध नव्हता. प्रेक्षक ते त्याच्या शरीरावरून ओळखत: आवाज कुठून येतो, हात किती उंच जातो, तो घामेजतो की नाही. गोदीत ओझी उचलणाऱ्या माणसाला फॉरेस्टच्या देहात स्वतःचा देह मोठा होऊन दिसे. मॅक्रेडीच्या थांब्यात त्याला काही दिसत नसे, आणि दिसत नसल्याबद्दल त्याला कमी लेखलं जाईल हेही कळे.

सुरुवातीला दोघांचं बरं होतं. 1836 मध्ये फॉरेस्ट लंडनला गेला तेव्हा मॅक्रेडीने त्याचं आदरातिथ्य केलं. 1845 च्या दौऱ्यात मात्र लंडनच्या प्रेक्षकांनी फॉरेस्टच्या मॅक्बेथवर फूत्कार टाकले. यामागे मॅक्रेडीचं टोळकं आहे असं त्याच्या मनाने घेतलं. मार्च 1846 मध्ये एडिंबरात मॅक्रेडीचा ‘हॅम्लेट’ चालू असताना, हॅम्लेट वेडाचं सोंग घेऊन रुमाल फिरवत येरझारा घालतो त्या जागी, एका बॉक्समधून मोठा फूत्कार आला. तो फॉरेस्टचा होता. त्याने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून तो कबूल केला आणि वर म्हटलं की टाळी वाजवण्याइतकाच फूत्कार टाकण्याचाही प्रेक्षकाला हक्क आहे.

त्याचं वागणं क्षुद्र होतं, दाव्याला मात्र परंपरेचा आधार होता. पुढचं सगळं भांडण याच दाव्यावर उभं राहिलं.

7 मे ते 10 मे

1848 च्या शरदात मॅक्रेडी तिसऱ्यांदा अमेरिकेत आला. फॉरेस्ट त्याच शहरांत त्याच भूमिका लावू लागला. फिलाडेल्फियात मॅक्रेडीवर अंडी पडली. सिनसिनाटीत गॅलरीतून मेंढराचं अर्धं धड रंगमंचावर येऊन आदळलं. न्यूयॉर्कला पोचेपर्यंत वर्तमानपत्रांनी या दोघांना दोन देश आणि दोन वर्ग करून टाकलं होतं.

7 मेच्या रात्री आयझाया रिंडर्स या टॅमनीच्या, म्हणजे शहरातल्या डेमोक्रॅट पक्षयंत्रणेतल्या, दांडगटाने तिकिटं घेऊन आपल्या माणसांना वाटली. मॅक्रेडी रंगमंचावर आला आणि वरून अंडी, बटाटे, सफरचंदं, नाणी आणि हिंगाची बाटली पडली. हिंगाचा दर्प बंद नाट्यगृहात पसरल्यावर खुर्च्यांवरच्या पोशाखी लोकांचं काय झालं असेल, हे मराठी वाचकाला निराळं सांगायला नको. प्रेक्षकांतून ओरड चालू होती: ‘माशांच्या व्यापाऱ्यांची सरदारकी मुर्दाबाद’ अशा अर्थाची. न्यू इंग्लंडच्या मासळी-व्यापारातून वर आलेल्या नवश्रीमंतांना ते टोमणे होते. नटांनी तोंडं हलवत मूकनाट्यासारखं काम चालू ठेवलं. मग गॅलरीतून खुर्च्या खाली येऊ लागल्या आणि तिसऱ्या अंकाच्या सुमारास पडदा पडला.

त्याच वेळी ब्रॉडवे थिएटरात फॉरेस्ट पाचव्या अंकातल्या एका ओळीवर पोचला. इथून या इंग्रजांना धुऊन काढील असं कोणतं रेचक आहे, असं मॅक्बेथ वैद्याला विचारतो. ती ओळ म्हणताच सगळं घर उठून उभं राहिलं आणि कितीतरी वेळ आरोळ्या देत राहिलं. अडीचशे वर्षं जुनी ओळ त्या रात्री न्यूयॉर्कच्या राजकारणावर बोलत होती. त्या खालच्या म्हटल्या गेलेल्या प्रेक्षकांना शेक्सपिअर कळत नव्हता असं ज्यांना म्हणायचं असेल, त्यांनी हा प्रसंग लक्षात घ्यावा. ओळ कुठे येते हे ठाऊक असल्याशिवाय शेकडो माणसं एका क्षणी उभी राहत नाहीत.

मॅक्रेडी परत जायला निघाला होता. त्याला थांबवलं ते 47 नामवंतांच्या जाहीर पत्राने. त्यांत लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग होता, आणि तिशीही न गाठलेला कादंबरीकार हर्मन मेलव्हिल. शहरातले सुजाण, सुव्यवस्थाप्रिय लोक तुमच्या बाजूने आहेत, तुम्ही प्रयोग करा, असं पत्रात आश्वासन होतं. हे पत्र मला दुःखद वाटतं. सह्या करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. ते एका कलावंताला झुंडीपासून वाचवू पाहत होते. पण पत्राने शहराचे दोन भाग पाडले, सुजाण आणि बाकीचे, आणि बाकीच्यांनी ते वाचलं.

लगेच भिंतींवर पत्रकं लागली. कामकऱ्यांनो, या शहरावर अमेरिकनांनी राज्य करायचं की इंग्रजांनी, असा सवाल त्यांत होता, आणि ऑपेरा हाउसला इंग्रजी सरदारांचं घर म्हटलं होतं. यामागे रिंडर्सबरोबर नेड बंटलाइन या टोपणनावाने कादंबऱ्या लिहिणारा ई. झेड. सी. जडसन होता, परदेशी स्थलांतरितांचा कट्टर द्वेष्टा. तरी त्याच्या हाकेला आयरिश मजूरही आले. एरवी एकमेकांची डोकी फोडणारे हे दोन गट इंग्रजांच्या रागावर एकत्र झाले.

महापौर केलेब वुडहल याला पदावर येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. त्याने व्यवस्थापकांना, विल्यम निब्लो आणि जेम्स हॅकेट यांना, थिएटर बंद ठेवायला सुचवलं. त्यांनी नकार दिला. हक्क त्यांच्याकडे होता. पोलीसप्रमुख जॉर्ज मॅट्सेल म्हणाला, माझी माणसं पुरणार नाहीत. मग पलटण बोलावली गेली. प्रयोग होणारच, ही गोष्ट आता शहराच्या इभ्रतीची झाली होती.

गुरुवारी संध्याकाळी चौकात दहा हजारांच्या वर माणसं होती. रस्त्यात गटाराचं काम चालू असल्याने फोडलेले दगड आयतेच पडले होते. ते खिडक्यांवर बसू लागले. आत पोलिसांनी गोंधळ घालणाऱ्यांना उचलून कोंडलं आणि मॅक्रेडीने नाटक शेवटपर्यंत नेलं. नऊच्या पुढे घोडदळ आलं, दगडांपुढे टिकलं नाही. मग पायदळ आलं, सैनिक जखमी झाले. पांगा, नाहीतर गोळीबार होईल, हा इशारा त्या गदारोळात किती जणांनी ऐकला कोण जाणे. पहिली फैर डोक्यांवरून गेली. लोकांना वाटलं, काडतुसं पोकळ आहेत. पुढच्या फैरी अंगांवर आल्या.

मेलेल्यांत बहुतेक कामकरी होते, आयरिशही होते. काही नुसते बघे होते, काही वाटेने जाणारे. मॅक्रेडी वेश बदलून प्रेक्षकांच्या गर्दीतून बाहेर निसटला, पहाटे शहर सोडून बॉस्टनला गेला, तिथून जहाजाने इंग्लंडला. अमेरिकेत तो पुन्हा आला नाही.

बाजू घेताना

या प्रकरणात एका बाजूला सरळ उभं राहणं मला जमत नाही. गोळीबाराचं समर्थन होऊच शकत नाही. पण दंगा करणाऱ्यांना लोकशाहीचे शिपाई ठरवणंही खोटं होईल. रिंडर्स आणि बंटलाइन यांनी खऱ्या अपमानाच्या भावनेत परदेश्यांचा द्वेष भरला, आणि रस्त्यावर मेले ते दुसरेच.

शिवाय ज्या ‘सगळ्यांच्या थिएटर’चं वर्णन मी वर केलं, त्यातून एक मोठा गट आधीच हाकलला गेला होता. 1821 मध्ये विल्यम ब्राउन या कृष्णवर्णीय माणसाने न्यूयॉर्कमध्ये आफ्रिकन ग्रोव्ह नावाचं थिएटर काढलं. तिथे जेम्स ह्यूलेट शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड करायचा. गोरे टवाळ येऊन प्रयोग उधळत. पोलिसांनी कधी नटांनाच पकडून नेलं. काही वर्षांतच ते थिएटर बंद पडलं. इथून प्रेरणा घेतलेला आयरा आल्ड्रिज हा तरुण युरोपला गेला आणि तिथे ऑथेल्लो म्हणून नावारूपाला आला. मायदेशात त्याला तो मान मिळाला नाही. शेक्सपिअर आमचाही आहे, असं म्हणायचा हक्क बाउरीने स्वतःसाठी मागितला, पण काळ्या शेजाऱ्याला तो कधीच दिला नाही.

तरी मूळ मुद्दा राहतोच. भांडण नाटकाच्या आवडीचं नव्हतं. थिएटरात निवाडा कोणी आणि कसा द्यायचा, याचं होतं. सप्टेंबर 1849 मध्ये दंगा करणाऱ्यांवर खटला चालला. न्यायाधीश चार्ल्स डेली यांनी प्रेक्षकाचा नापसंती दाखवण्याचा हक्क मान्य केला, पण ठरवून, कट करून प्रयोग बंद पाडण्याचा हक्क कोणाला नाही असं सांगितलं. कायद्याने ही रेघ योग्यच होती. बंटलाइनला एक वर्षाची कैद आणि 250 डॉलर दंड झाला. पुढच्या काही दशकांत मात्र व्यवहारात रेघ बरीच पुढे सरकली: फूत्कार गेला, मोठ्याने दिलेली दाद गेली, तेच भाषण पुन्हा मागणं गेलं. अंधारात गप्प बसणारा प्रेक्षक हाच खरा रसिक ठरला. शांत बसायला ज्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं त्याला ते सहज जमतं, आणि ज्याला जमत नाही तो अडाणी ठरतो. फ्रान्समध्ये 1960 च्या दशकात हजाराहून जास्त लोकांच्या आवडीनिवडी तपासून पिएर बोर्द्यू या समाजशास्त्रज्ञाने दाखवलं की घरातून मिळालेलं हे वळण पुढे उपजत समज म्हणून मिरवतं. न्यूयॉर्कमध्ये ते वळण लावण्याची सुरुवात दारावरच्या नियमाने झाली होती.

थिएटरांची विभागणीही पक्की झाली. एका रात्रीत नाटक, नाच आणि फार्स देणारं घर मागे पडलं; ऑपेरा एका इमारतीत, गंभीर नाटक दुसऱ्या, हलकीफुलकी करमणूक तिसऱ्या. शतक संपेपर्यंत अमेरिकेतल्या सामान्य माणसाला शेक्सपिअर शाळेतला विषय वाटू लागला होता. अ‍ॅस्टर प्लेसचं नाव रक्ताला चिकटलं, वर्गणीदार दुरावले, काही वर्षांत इमारत एका ग्रंथालयाला विकली गेली. श्रीमंतांनी 1854 मध्ये अकॅडमी ऑफ म्युझिक उभारली. तिथले मोजके बॉक्स जुन्या घराण्यांनी धरून ठेवले, म्हणून रेल्वे आणि बँकांतून वर आलेल्या नव्या धनिकांनी 1883 मध्ये स्वतःचं मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउस बांधलं. आत शिरू न दिलेल्यांत आता कोट्यधीशही होते.

त्याच वर्षांत मुंबई

याच काळात मुंबईत बरोबर उलटी गोष्ट घडत होती. कोटातल्या (फोर्टमधल्या) ग्रीन या मैदानावर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी, इंग्रजांचं नाट्यगृह होतं; ते कर्जापायी विकलं गेलं. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने 1846 मध्ये ग्रँट रोडला नवं नाट्यगृह उघडलं. सुरुवातीला इंग्रजी नाटकं झाली. पण जागा कोटापासून लांब, देशी वस्तीत. साहेबलोकांचं येणं आटलं. घर चालवायचं तर दुसरा प्रेक्षक हवा होता. सांगलीत 1843 पासून नाटकं करणाऱ्या विष्णुदास भाव्यांचा आश्रय 1851 मध्ये सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या निधनाने तुटला होता आणि तेही गावोगाव तिकीट लावून प्रयोग करत फिरत होते. 1853 मध्ये ग्रँट रोडच्या रंगमंचावर त्यांचे प्रयोग झाले. त्याच वर्षी पारशी मंडळींनीही तिथे नाटकं सुरू केली. न्यूयॉर्कमध्ये श्रीमंतांनी नवं घर बांधून पिट काढून टाकला. मुंबईत साहेबांनी घर सोडलं आणि ते पिटाच्या ताब्यात आलं.

शेक्सपिअर मराठीत आला तोही याच पिटापुढे उभा राहिला. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चा ‘विकारविलसित’ केला तो 1883 मध्ये. पुढे देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, शि. म. परांजप्यांनी ‘मॅक्बेथ’चा ‘मानाजीराव’. भाषांतरकार इंग्रजी शिकलेले होते. पण शाहूनगरवासी मंडळीत हॅम्लेट उभा करणारे गणपतराव जोशी कॉलेजात शिकलेले नव्हते, आणि समोरचे बहुसंख्य प्रेक्षकही नव्हते. फर्ग्युसनच्या वासुदेवराव केळकरांसारख्या प्राध्यापकाने नटांना तालीम द्यावी आणि त्या नटाने पिटाच्या टाळ्या घ्याव्यात, अशी सांगड मराठी रंगभूमीला काही काळ जमली.

पूर्ण मात्र जमली नाही. 1880 नंतर संगीत नाटकाला पांढरपेशांची मान्यता मिळाली, घरच्या बायकामुलांना घेऊन जाण्याजोगी जागा म्हणून नाटक स्थिरावलं, आणि त्या मान्यतेच्या बाहेर तमाशाचा फड राहिला. ढोलकी, लावणी, सोंगाड्याची हजरजबाबी बतावणी नाटकवाल्यांना ठाऊक होती. त्यांतून चाली आणि विनोद उचललेही गेले. फडातली माणसं, बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजांतली, मात्र नाटकाच्या रंगमंचावर आली नाहीत. न्यूयॉर्कमध्ये वर्गाची रेघ एका थिएटराच्या आत, खुर्ची आणि गॅलरी यांच्यामध्ये ओढली गेली. आपल्याकडे ती दोन रंगमंचांच्या मध्ये होती, आणि तिच्यात जात मिसळलेली असल्याने ती हातमोज्यांच्या नियमाशिवायही पाळली गेली.